एका हौशी रग्बी क्लबचे कौटुंबिक सदस्यत्व : दोन हंगामांनंतरचा अभिप्राय

आम्ही परदेशात राहतो तिथल्या एका हौशी रग्बी क्लबचे कौटुंबिक सदस्यत्व मी सलग दोन हंगाम घेतले. प्रौढांच्या संघाचा सराव आणि सामने, मुलांच्या विभागातील रविवारचे सत्र आणि क्लबच्या इमारतीचा वापर, एवढ्या तीन गोष्टी या वर्गणीत येतात. क्लबचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि तो संपूर्णपणे स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. शिवाय ज्या गोष्टी मी पारखल्या, त्या कुठल्याही हौशी क्लबात पारखून घेण्यासारख्या आहेत. माझी कसोटी एकच होती. मी रग्बी खेळत राहिलो, तर माझ्या मुलीच्या वाट्याला येणारे मराठीचे तास हा क्लब किती शाबूत ठेवतो?

कसोटी थोडी वेगळी वाटेल, म्हणून घरची परिस्थिती सांगतो. माझी पत्नी इथलीच आहे आणि ती मुलीशी स्वतःच्या भाषेत बोलते. शाळा, शेजार, मैत्रिणींचे वाढदिवस, दुकानातल्या पाट्या, सारे त्याच भाषेत. मराठी मुलीला मिळते ती माझ्याकडून, आणि आठवड्यातून एकदा पडद्यावर दिसणाऱ्या आजीकडून. जी भाषा घरातली एकच व्यक्ती बोलते, ती तासांवर जगते. मूल ती किती ऐकते आणि त्याहीपेक्षा तिच्यात किती बोलते, यावर त्याचा शब्दसंग्रह अवलंबून राहतो. ॲनिक द हाउवर यांनी बेल्जियमच्या डच भाषक भागातील १,८९९ कुटुंबांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध केली, तीत ज्या घरांत आईबाप प्रत्येकी आपापली एकच भाषा बोलत होते, अशा घरांपैकी सुमारे एक चतुर्थांश घरांतली मुले डचखेरीजची घरातली भाषा बोलतच नव्हती. हा आकडा मी मुलगी दोन वर्षांची असताना वाचला आणि तो माझ्या मनातून गेलेला नाही.

रग्बीचा हिशेब याच्या नेमका आड येतो. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सात वाजता सराव, शनिवारी सामना. बाहेरगावचा सामना असला, की सकाळी अकराला निघून परतायला सहा वाजतात. जाण्यायेण्याचा वेळ धरला, तर आठवड्याला अकरा तास होतात. मुलगी आठ वाजता झोपते, म्हणजे सरावाच्या दोन्ही दिवशी झोपण्यापूर्वीची गोष्ट बुडते, आणि लहान मुलाला गोष्टीतून जी भाषा मिळते, ती ‘दात घास’ आणि ‘बूट घाल’ यांतून मिळत नाही. या क्लबात येण्याआधी मी एक हंगाम दुसरीकडे खेळलो. तिथे मुलांसाठी काहीच नव्हते. त्या हंगामाच्या शेवटी मी मराठीत विचारलेल्या प्रश्नांना मुलगी आईच्या भाषेत उत्तरे देऊ लागली. तिला प्रश्न पूर्ण समजत होता. उत्तराचे शब्द मात्र तिच्या तोंडी येईनासे झाले होते. मी खेळ सोडण्याच्या विचारात होतो, तेव्हा संघातल्याच एकाने या क्लबचे नाव सुचवले. मुलगी तेव्हा साडेपाच वर्षांची होती.

आधी प्रौढांच्या विभागाविषयी थोडक्यात. मी तिसऱ्या संघात खेळतो. या संघात विशीतली मुले आहेत आणि पन्नाशीला टेकलेले लोकही आहेत, आणि प्रशिक्षक या दोघांकडून एकाच वेगाची अपेक्षा ठेवत नाहीत, ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे. टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला भिडून खाली पाडणे, शिकवण्यात ते कंजुषी करत नाहीत. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेने २०२३ मध्ये हौशी खेळासाठी टॅकलची वैध उंची खांद्यांच्या रेषेवरून उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, खाली आणून पाहण्याची शिफारस केली आणि अनेक देशांच्या संघटनांनी ती स्वीकारली. तेव्हापासून आमच्या सरावाची पहिली वीस मिनिटे कमरेत वाकून, डोके सुरक्षित बाजूला ठेवून, खांद्याने कसे भिडायचे यावरच जातात. उशिरा शिकायला आलेल्या माणसाला हे फार उपयोगी पडते, कारण लहानपणापासून खेळलेल्यांच्या अंगात जे आपोआप येते, ते आम्हाला विचार करून करावे लागते, आणि विचार करायला मैदानावर सवड नसते.

परक्या भाषेत खेळण्याचाही एक वेगळा प्रश्न असतो, ज्याकडे या क्लबने लक्ष दिले. रग्बीत चेंडू फक्त मागे किंवा आडवा पास करता येतो, म्हणजे ज्याच्या हातात चेंडू आहे, त्याला ज्यांच्याकडे तो द्यायचा ते दिसत नसतात. त्याला केवळ हाक ऐकू येते. ती हाक अर्ध्या सेकंदात समजली नाही, तर चेंडू रिकाम्या जागेत जातो. आमच्या कर्णधाराने पहिल्याच महिन्यात मला एका बाजूला घेऊन संघातल्या सगळ्या हाका एकेक करून समजावल्या, कागदावर लिहून दिल्या आणि पुढचे दोन सराव त्या मुद्दाम सावकाश वापरल्या. दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू वाकून एकमेकांना भिडतात त्या स्क्रममध्ये पंचाच्या तीन आज्ञा असतात, २०१३ पासून त्यांचा क्रम हाच आहे: वाका, धरा, भिडा. मी त्या घरी मुलीसमोर मराठीतच म्हणत असे, आणि तीही सोफ्याच्या उशीला खांदा लावून त्याच तीन शब्दांवर भिडत असे.

डोक्याच्या दुखापतीबाबत क्लब कडक आहे, आणि ज्यांना घरी लहान मूल आहे, त्यांनी वर्गणी भरण्यापूर्वी सर्वांत आधी हेच विचारावे. व्यावसायिक सामन्यात कन्कशनचा, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसल्याचा, संशय असलेल्या खेळाडूला बारा मिनिटे बाहेर नेऊन तपासतात आणि तो तपासणीत ठीक ठरला, तर त्याला परत खेळता येते. हौशी खेळात तशी सोय नाही. संशय आला, की त्या दिवसापुरता खेळ संपला. गेल्या हंगामात एका ‘रक’मध्ये, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवती खेळाडू एकमेकांना ढकलतात त्या गर्दीत, कोणाचा तरी गुडघा माझ्या कानशिलावर बसला. मी उठून उभा राहिलो, मला बरे वाटत होते आणि मी तसे सांगितलेही, पण आमच्या प्रथमोपचार पाहणाऱ्या बाईंनी मला पुढचा शब्द बोलू न देता बाहेर आणले. क्लबच्या नियमाप्रमाणे एकविसाव्या दिवसाआधी सामना नाही आणि त्याआधी टप्प्याटप्प्याने हालचाल वाढवायची. संघात आधीच माणसे कमी होती, तरीही कोणी एका शब्दानेही घाई केली नाही.

त्या तीन आठवड्यांत मला एक गोष्ट स्पष्ट दिसली, जी प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. पहिले दोन दिवस पडदा बघायचा नव्हता आणि गोंगाटही नको होता, तेव्हा मुलगी माझ्याजवळ बसून हळू आवाजात मराठीत बोलत राहिली, कारण बाबाला बरे नाही तर त्याच्या भाषेत बोलावे असे तिचे तिने ठरवले होते. पुढच्या दोन शनिवारी आम्ही दोघे सीमारेषेवर उभे राहून माझ्या संघाचे सामने पाहिले आणि तिने मला ते मराठीत सांगितले. तिच्या त्या तीन आठवड्यांतल्या मराठीत जी भर पडली, ती आधीच्या तीन महिन्यांत पडली नव्हती. म्हणजे तासांचा हिशेब खराच होता. रग्बीमुळे काही हिरावले जात नाही, असे मी कुणाला सांगणार नाही.

हिरावलेल्यातले किती परत मिळते, ते मुलांच्या विभागावर ठरते, आणि या सदस्यत्वाचे खरे मोल तिथेच आहे. रविवारी सकाळी दीड तास सत्र असते. सहा-सात वर्षांची मुले टॅग रग्बी खेळतात: कमरेला पट्टा, त्याला दोन बाजूंना दोन फिती, आणि टॅकलच्या ऐवजी फीत ओढायची. अंगाला अंग भिडत नाही. चेंडू तीन नंबरचा असतो, प्रौढांच्या पाच नंबरच्या चेंडूपेक्षा बराच लहान, त्यामुळे मुलांच्या दोन तळव्यांत तो नीट मावतो. मुलेमुली एकत्र खेळतात. गुण मोजले जात नाहीत, असे प्रशिक्षक सांगतात. मुले ते अचूक मोजतात.

माझ्यासाठी महत्त्वाची अट अशी आहे, की या वयोगटात प्रत्येक मुलाच्या पालकांपैकी एकाने मैदानालगत उभे राहून मदत करायची असते. बऱ्याच पालकांना ही अट जाचक वाटते आणि ती तशी आहेही, पण मला तिच्यामुळे आठवड्यातून दीड तास असा मिळाला, ज्यात मुलगी धावत असते, उत्साहात असते, आणि मी तिच्याशी मराठीत बोलण्याला कारण असते. पुस्तक वाचून दाखवताना भाषा मूल बसून ऐकते. इथे ती लगेच वापरावी लागते. ‘मागे दे’, ‘डावीकडे बघ’, ‘दोन्ही हातांनी झेल’, ‘थांबू नकोस, वळ’ ही वाक्ये तिने शिकली ती पायांनी. फीत ओढण्याला आम्ही कबड्डीतला शब्द घेतला, पकड. रकला मराठीत शब्दच नाही, तर मोठ्यांचा सामना पाहताना तिने तो स्वतः दिला: ढीग. ट्रायचे, म्हणजे विरुद्ध बाजूच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेल्या गुणांचे, लिंग कोणते, हा प्रश्न तिने मला सत्राच्या मधोमध विचारला, ‘बाबा, ट्राय तो की ती?’ मी ती म्हणालो, आणि आमच्या घरात ती तेव्हापासून स्त्रीलिंगी आहे. सहा वर्षांचे मूल परक्या शब्दाला कुठल्या लिंगात बसवायचे याचा विचार करते, तेव्हा त्याच्या डोक्यात मराठीचे व्याकरण जागते आहे, एवढे मला कळले.

लिंगाचाच आणखी एक विषय होता आणि तो माझ्या काळजीचा होता. घरात मराठी बोलणारा एकटा पुरुष असला, की मुलगी त्याचीच रूपे उचलते. ती ‘मी पळालो’, ‘मी पडलो’, ‘मी येतो’ असे म्हणत असे. ‘मी चेंडू झेलला’ यात चूक कळत नाही, कारण तिथे क्रियापद चेंडूप्रमाणे चालते, त्यामुळे कित्येक दिवस ही गोष्ट माझ्याही लक्षात आली नव्हती. आजीने ती ओळखली. मी दरवेळी दुरुस्ती करू लागलो, तर ती बोलणेच थांबवू लागली. क्लबचा महिलांचा संघ रविवारी दुपारी खेळतो आणि मुलांचे सत्र संपल्यावर आम्ही थांबून तो सामना पाहत असू. तिथे मी त्या खेळाडूंच्या तोंडचे संवाद म्हणू लागलो: ‘मी आले, मी वाकले, आता मी निसटते, बघ कशी निसटते.’ मुलीला हा खेळ आवडला आणि तिने आपल्या आवडीची एक खेळाडू निवडून तिच्या वतीने बोलायला सुरुवात केली. चार महिन्यांत ‘पडले’ आणि ‘पळाले’ तिच्या तोंडी बसले. क्लबने हे काही माझ्यासाठी केलेले नव्हते, पण ज्या क्लबात महिलांचा संघ मुख्य मैदानावर, मुलांना पाहता येईल अशा वेळी खेळतो, तिथेच हे शक्य झाले. मुलगी असलेल्या प्रत्येक पालकाने वेळापत्रकात ही गोष्ट बघावी.

आता तक्रारी. पहिल्या हंगामाच्या सुरुवातीला एका स्वयंसेवकाने मला सर्वांसमोर सांगितले, की मैदानावर मुलीशी इथल्याच भाषेत बोला, नाहीतर तिचा गोंधळ होईल आणि ती मागे पडेल. हेतू वाईट नव्हता, पण मुलगी शेजारीच उभी होती आणि त्यानंतर दोन रविवार ती मला मैदानावर मराठी बोलू देईना. दोन भाषांनी मूल गोंधळते हा समज जुना आहे आणि त्याला आधार नाही. झ्यूल रोंझा या फ्रेंच अभ्यासकाने आपल्या मुलाचे फ्रेंच आणि जर्मन एकत्र कसे वाढले याची बारीक नोंद १९१३ मध्येच प्रसिद्ध केली होती, आणि ते मूल दोन्ही भाषा नीट बोलत होते. दोन भाषांतले शब्द मूल एका वाक्यात मिसळते, तेही नियमाने मिसळते. माझी मुलगी ‘टॅगला पकडलं’ म्हणते, तेव्हा त्या परक्या शब्दाला मराठी प्रत्यय तिने जागच्या जागी लावलेला असतो. एकेका भाषेतले शब्द मोजले, तर अशा मुलांचे शब्द काही काळ कमी भरू शकतात. दोन्ही मिळून मोजले, तर चित्र वेगळे दिसते.

मी मुलांच्या विभागप्रमुख बाईंशी बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एक साधा नियम केला. शिट्टी, ‘थांबा’, ‘खाली बसा’ आणि सुरक्षिततेच्या आणखी दोन सूचना सर्वांना समजतील अशा एकाच भाषेत, आणि बाकी प्रत्येक पालकाने आपल्या मुलाशी वाटेल त्या भाषेत बोलावे. त्यानंतर दिसून आले, की मैदानालगत आणखी तीन भाषा आधीपासून कुजबुजत होत्या; त्या आता मोकळ्या आवाजात ऐकू येतात. चूक झाल्यावर ती इतक्या लवकर आणि इतक्या नेमकेपणाने सुधारणारी संस्था मी क्वचित पाहिली आहे, म्हणून ही तक्रार मी गुणांमधून वजा करत नाही.

वजा करतो ते वेळापत्रकासाठी. शनिवारच्या सामन्याची वेळ शुक्रवारी रात्री बदलणे हे दोन हंगामांत इतक्या वेळा झाले, की घरी काही ठरवता येत नाही. ज्याच्याकडे मुलाची एक भाषा सोपवलेली आहे, त्याचा शनिवार सकाळचा एक तासही ठरलेला असतो. तो ऐन वेळी पुढेमागे झाला, की आजीशी बोलणे बुडते, आणि आजीच्या देशातले घड्याळ आमच्या सोयीने चालत नाही. निरोपांची पद्धतही सदोष आहे. सगळे निरोप संक्षेपांनी भरलेले आणि स्थानिक बोलीत असतात, आणि नव्याने आलेल्या परदेशी पालकाला त्यातले महत्त्वाचे कोणते हे कळत नाही. पहिल्या हंगामात आम्ही एकदा बंद मैदानापुढे जाऊन उभे राहिलो होतो.

सामन्यानंतर दोन्ही संघांनी एकत्र बसायचे, ही रग्बीची जुनी रीत क्लब मनापासून पाळतो. मला ती मोलाची वाटते. तासाभरापूर्वी ज्याने मला जमिनीवर आडवे केले, तो शेजारी बसून माझ्या मुलीला लाइनआउटमध्ये, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू रेषेवरून आत फेकतात तेव्हा, उडी कशी घ्यायची ते दाखवतो, हे तिने पाहावे असे मला वाटते. तिची इथली भाषा तिथे फुलते, आणि ती भाषाही तिचीच आहे. पण ती बैठक संध्याकाळपर्यंत चालते. मी कर्णधाराला सांगून अर्ध्या तासाने उठतो आणि परतीच्या वाटेवर सामना मराठीत पुन्हा सांगून होतो. लवकर उठण्याबद्दल मला कोणी कधी टोचून बोलले नाही. तिसऱ्या संघात बरेच बाप आहेत, हे त्याचे एक कारण असावे.

माउथगार्डविषयी एक लहान सूचना, कारण नव्या खेळाडूला ती कोणी देत नाही. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा जो असतो, त्याने माझे उच्चार इतके बिघडत, की माझी हाक संघाला कळत नसे, आणि परक्या उच्चारात भर पडून ती आणखीच कळेनाशी होई. दाताच्या डॉक्टरांकडून मापाने करून घेतल्यावर हा प्रश्न सुटला. क्लबने नव्या सदस्यांना हे आधीच सांगावे.

पाचपैकी चार तारे. केवळ स्वतः खेळायचे असेल, तर जवळपास याहून चांगले व्यवस्थापन असलेले क्लब आहेत. घरात आपली भाषा एकट्याने सांभाळणाऱ्या आणि तरीही खेळणे सोडू न इच्छिणाऱ्या आईला किंवा बापाला मी हाच सुचवेन, मात्र मूल सहा-सात वर्षांचे असताना यावे. त्याहून लहान असेल, तर सरावाचा दुसरा दिवस सोडावा आणि गोष्टीची रात्र राखावी. मी गुरुवारचा सराव याच कारणाने सोडला आहे, आणि त्यामुळे सामना सुरू करणाऱ्या पंधरा जणांतली जागा बहुतेक वेळा जाते.

पुढच्या हंगामात मुलगी नऊ वर्षांखालील गटात जाईल. त्या गटात फिती जातात आणि खरा टॅकल हळूहळू शिकवायला सुरुवात होते. तिला तो शिकायचा आहे. खाली वाकून भिडण्याचा सराव ती मराठीतच मोजत घरी करते. अडचण एवढीच आहे, की त्या गटाचे सत्र शनिवारी सकाळी असते आणि आमच्या बाहेरगावच्या सामन्यांना निघण्याची वेळ तीच. सत्राची वेळ अर्धा तास अलीकडे घेता येईल का, असे मी क्लबला लेखी विचारले आहे. तिचा अर्ज भरून दिला आहे. माझ्या अर्जावर अजून सही केलेली नाही.